रिकाम्या कुंडीचे फोटो

"गाजरगवत आहे. उपटून टाका."

आम्रपालीने एवढं टाइप करून पाठवलं आणि मोबाइल पर्समध्ये टाकला. मग काहीतरी आठवून पुन्हा बाहेर काढला आणि खाली आणखी लिहिलं, "हात लावू नका, अंगाला खाज सुटते. हातात प्लास्टिकची पिशवी घालून मुळासकट काढा." कंपनीची बस मोशीच्या सिग्नलला उभी होती. बसमधल्या निम्म्या बायका झोपल्या होत्या. आम्रपाली मात्र चाकण येईपर्यंत झाडं ओळखायची.

ग्रुपचं नाव होतं 'झाडओळख'. कुणीतरी कुठल्यातरी झाडाचा फोटो टाकायचा, आणि जाणकारांनी नाव सांगायचं. टेरेसवर बाग असलेल्या निगडीच्या सुभद्राबाई, डोंगर तुडवणारे हौशी लोक, निवृत्त माणसं, असा सगळा गोतावळा. या जाणकारांत सगळ्यात चपळ आम्रपाली. लोक चष्मा शोधेपर्यंत हिचं उत्तर गेलेलं असायचं. गंमत अशी की तिच्या स्वतःच्या घरात एक तुळससुद्धा नव्हती. दापोडीत रेल्वेच्या कडेला त्यांच्या दोन खोल्या, आणि खिडकीपुढे हातभर अंतरावर शेजाऱ्याची भिंत. उन्हाचा कवडसा यायचा तोही चुकल्यासारखा. तिने झाडं शिकली ती फोटोंवरून, पुस्तकांवरून आणि बसच्या खिडकीतून.

नोकरीही नजरेचीच होती. चाकणच्या कंपनीत तिच्यापुढून गाड्यांच्या हेडलॅम्पच्या काचा सरकत. एकेक काच दिव्याखाली धरायची, फिरवायची. चांगली असली की पुढे, चरा किंवा बुडबुडा दिसला की लाल पेटीत. इतक्या वर्षांत तिची नजर अशी तयार झाली होती की काच हातात येण्याआधीच तिला कळायचं. लाइन लीडर सनी नव्या पोरींना तिच्याजवळ आणून उभं करायचा आणि म्हणायचा, "बघा, मॅडम कसं बघतात ते."

आजचा फोटोही तिने तसाच बघितला होता. रंगाची जुनी बादली, तिच्यात बोटभर उंचीचं रोप, कातरून काढल्यासारखी पानं. खाली प्रश्न, "हे काय आहे?" पाठवणारे कुणी भैरू म्हणून, भोसरीचे. फोटो जरा हललेलाच होता. ग्रुपचा अ‍ॅडमिन दिग्विजय हा चिंचवडचा विमा एजंट, मोठा शिस्तीचा माणूस. त्याचा नियम होता की फूल, पान, पानाची मागची बाजू आणि अख्खं झाड दिसल्याशिवाय कुणी नाव सांगायचं नाही. पण गाजरगवतासाठी कोण एवढं थांबतो? चाकणच्या रस्त्याला दुतर्फा तेच तर आहे. तिने बघितलं आणि लाल पेटीत टाकलं.

दुपारी चहाच्या सुट्टीत तिने ग्रुप उघडला, तर भैरूंचा आवाज आला होता. कॅन्टीनच्या गोंगाटात तिने मोबाइल कानाला लावला.

"ताई, नमस्कार. म्या भैरू बोलतोय, भोसरीस्नं. तुमी सांगितल्यापरमानं उपाटलं. पिशवी घालूनच उपाटलं, हात न्हाई लावला. घंटागाडीत टाकलं. पर आत्ता ती पिशवी धुवाय घेतली... आमच्या हिला पिशव्या धुऊन वाळत घालायची सवय, तीच मला लागलीया... तर त्या पिशवीला दवण्याचा वास येतोय वो. समद्या मोरीत वास सुटलाय. गाजरगवताला असा वास येतो काय, ताई? तेवढं सांगा."

खाली सुभद्राबाईंनी लिहूनही टाकलं होतं, "नाही येत. तो दवणाच असणार. लहान असताना पानं तशीच दिसतात. अरेरे." दिग्विजयने लिहिलं होतं, "फोटोवरून होतं असं कधी कधी. म्हणूनच नियम आहेत." त्यानंतर कुणीतरी जास्वंदीवरचा मावा दाखवला आणि ग्रुप तिकडे वळला. ग्रुपचं काय, तो वळतोच.

आम्रपालीने "सॉरी काका" लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं आणि पाठवलं. लगेच उत्तर आलं, "असू द्या ताई. चुकतंय कवा कवा."

त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटून ते संपलं नाही. संध्याकाळी बसमध्ये तिने तो आवाज पुन्हा ऐकला. घरी येऊन भाकरी थापताना ऐकला. दवण्याचा वास कसा असतो हे तिला माहीतच नव्हतं. दवण्याचं शास्त्रीय नाव तिला पाठ होतं, पानांची ठेवण ठाऊक होती, पण वास तिने कधी घेतला नव्हता. फोटोला कुठे वास असतो?

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या गेटपाशी बसमधून उतरल्यावर ती भिंतीकडेला वाकली आणि गाजरगवताचं एक पान चुरगाळून तिने नाकाशी धरलं. हिरवट, कडवट, डोकं उठवणारा वास. मागून येणाऱ्या बायका हसल्या. "काय गं आम्रपाली, भाजी करणार का?" तिने हात झटकला. पण मग ही रोजचीच खोड होऊन बसली. जिथे कातरलेलं पान दिसेल तिथे ती वाकायची, चुरगाळायची आणि हुंगायची. बोटांच्या बेचक्यांत लाल पुरळ उठला तरी थांबेना.

रविवारी तिने पिंपरीच्या बाजारात फुलवाल्यांच्या गल्लीत जाऊन दवणा मागितला. करड्या-हिरव्या काड्यांची जुडी बाईने कागदात गुंडाळून दिली. तिथेच रस्त्यात उभं राहून आम्रपालीने ती हुंगली. गोड, दाट, जुन्या कपाटातून यावा तसा वास होता तो. एकदा घेतला की विसरणं शक्यच नाही. आंधळ्यानेही ओळखला असता. तिला रडूच आलं, आणि मागून येणारा स्कूटरवाला हॉर्न वाजवत राहिला.

घरी जुडी बघून तिची आई शालनबाई म्हणाली, "हे काय आणलंस? आपल्यात कुठं देवाला वाहतात हे?"

"वास बघायला आणलंय."

"बघितलास ना? मग टाक की."

तिने टाकली नाही, उशाशी ठेवली. ती वाळून गेली, आईने एक दिवस झाडताना काढून टाकली, तरी आम्रपालीला वास येतच राहिला. कधी बसमध्ये, कधी चहाच्या कपातून, कधी कंपनीत हातमोजे काढताना. "आई, तुला येतोय का?" ती विचारायची. शालनबाई खरोखर नाक वर करून चारी कोपऱ्यांत वास घ्यायची आणि म्हणायची, "न्हाई गं बाई. रॉकेल, फोडणी, गटार, सगळं येतंय. त्ये तुझं तेवढं न्हाई येत. झपाटलंय तुला त्या झाडानं."

आणि रोज सकाळी त्या बादलीचा फोटो यायचा. भैरूकाकांनी बादली तशीच ठेवली होती. मोशीच्या सिग्नलच्या आसपास ग्रुपवर फोटो पडायचा, नुसती ओली माती, आणि खाली तोच प्रश्न, "हे काय आहे?" पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटलं चुकून आला. दुसऱ्या दिवशी एकाने विचारलं, "काका, कशाबद्दल विचारताय?" तर त्यांचा आवाज आला, "काय उगवलंय का बगा. मला नीट दिसत न्हाई." लोकांनी आठवडाभर सहन केलं. मग दिग्विजयने लिहिलं, "काका, रिकाम्या कुंडीचे फोटो ग्रुपवर नकोत. पुन्हा टाकल्यास नाइलाजाने काढावं लागेल."

आम्रपालीने तडक त्याला फोन लावला. "त्यांना काढू नका हो, सर."

"अहो मॅडम, दोनशे लोक आहेत. रोज माती काय बघायची?"

"मी बघते," ती म्हणाली. "मला एकटीला पाठवू द्या त्यांना."

त्या दिवसापासून तो फोटो तिच्या एकटीच्या मोबाइलवर येऊ लागला. ती बोटांनी मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघायची. डोळ्यांत तेल घालून बघायची. ढेकूळ, खडा, मुंगी, एकदा कबुतराचं पीस. "अजून काही नाही, काका." "बरं ताई. उद्या धाडतो." असं रोज. सुट्टीच्या दिवशी फोटो यायला उशीर झाला की तिचा जीव थाऱ्यावर नसायचा.

कंपनीत वेगळंच होऊन बसलं. काच दिव्याखाली धरली की ती धरूनच ठेवायची. चरा दिसायचा, पण खरंच चरा आहे की उजेडाची रेघ? लाल पेटीत टाकायला हातच उचलेना. लाल पेटीत गेलेली काच परत येत नाही, ती मशीनमध्ये जाऊन तिचा भुगा होतो, हे इतक्या वर्षांत तिच्या कधी मनात आलं नव्हतं. चरे पडलेल्या काचा पुढे जाऊ लागल्या. एक दिवस त्या सगळ्या गाड्यांच्या कंपनीकडून परत आल्या, आणि सनी तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"मॅडम, तुमच्याकडून? घरी काही टेन्शन आहे का?"

"नाही रे."

"एका नजरेचं काम आहे. तुम्हीच शिकवलंय सगळ्यांना." तो बराच वेळ मान खाजवत राहिला. भला पोरगा होता. "थोडे दिवस पॅकिंगला बसा. मग बघू."

ती पॅकिंगला बसली. खोक्यांना चिकटपट्टी लावताना काही ठरवावं लागत नाही, म्हणून तिला उलट हायसं वाटलं.

शेवटी शालनबाईच म्हणाली, "अगं, माणसाचं झाड गेलंय ना तुझ्यापायी? मग नेऊन दे की दुसरं. घरात बसून काय हुंगतीस?"

तेही खरंच होतं. आम्रपालीने मोशीच्या एका नर्सरीतून दवण्याचं पिशवीतलं रोप घेतलं. चांगलं फुटलेलं, घमघमणारं. आणि पत्ता विचारत विचारत भोसरीला गेली. वर्कशॉपच्या मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर भैरूकाकांच्या खोल्या होत्या. खालून लेथ मशीनचा आवाज येत होता. दार उघडणारा माणूस उंच, वाळलेला, एका डोळ्यात पांढरट झाक. भिंतीवर हार घातलेला फोटो, ठसठशीत कुंकू लावलेल्या बाईचा.

"तुमीच व्हय त्या ताई?" ते म्हणाले. "या, या. पोरगीच हायसा की. मला वाटलं कोण मास्तरीण-बिस्तरीण असंल."

तिने रोप पुढे केलं. काकांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, पान चुरगाळलं, डोळे मिटून वास घेतला. "ह्योच," ते म्हणाले. "ह्योच वास." आणि रोप गॅलरीत नेऊन ठेवलं. बादलीच्या शेजारी ठेवलं, बादलीत लावलं नाही. आम्रपालीच्या ते लगेच लक्षात आलं.

"बादलीत लावूया का? मी लावून देते."

"न्हाई, न्हाई. त्यात नगं." ते घाईने म्हणाले आणि मग ओशाळले. "तुजा दवणा चांगला हाय, पोरी. पानी घालीन त्याला. पर ह्या बादलीत तिनं पेरलंय. अजून एखादं बी ऱ्हायलं असंल खाली."

चहा त्यांनीच केला. साखर जास्त पडली होती. गॅलरीतल्या स्टुलावर तिला बसवून ते उंबऱ्यात बसले आणि विचारल्याशिवायच सांगू लागले. त्यांची बायको यशोदाबाई दरवर्षी चैत्रात जोतिबाला जाऊन दवणा वाहायच्या. गुडघे गेल्यावर डोंगर सुटला. ती खंत बाईच्या मनातून जाईना.

"दिवाळी झाल्यावं एक दिस तिनं पदराच्या गाठीतनं कायतरी काडलं, चिमटीनं ह्या बादलीत टाकलं, वर माती भुरभुरली. म्या म्हणलं, काय पेरलंस? तर हसाय लागली. म्हणती कशी, जलमभर लेथवर उबं ऱ्हायलासा, घरात काय उगवतंय ते कदी बगितलं न्हाईसा. आता उगवल्यावं ओळखा बगू."

खाली लेथ थांबला.

"म्हैना न्हाई झाला, गेली. रात्री जेवली, झोपली, ती सकाळी उठलीच न्हाई. आन् मागनं हे उगवलं. म्या रोज बगायचो. मला काय वळखंना. डोळा ह्यो असा. पोरगं चिखलीला ऱ्हातंय, सुजित. त्यो म्हणला, तात्या, एक ग्रुप हाय, तिथं सांगत्यात."

"काका, चूक माझी आहे," आम्रपाली म्हणाली. "मी नीट न बघता सांगितलं. वर हात लावू नका म्हणून सांगितलं. हात लावला असता तर तुम्हाला कळलं असतं."

"तुजं काय चुकलं? तुला फोटू दिसला." त्यांनी कपबशी खाली ठेवली. "तिनं मला ओळखाय सांगितलं हुतं, पोरी. म्या लोकास्नी इचारत बसलो. नुस्तं वाकून एक पान चुरगाळायचं हुतं."

आम्रपालीने कप विसळून ठेवले, भिंतीवरच्या बाईकडे एकदा बघितलं आणि जिना उतरली. बसस्टॉपवर तिला पुन्हा वास आला. या वेळी तो खरा होता, तिच्या ओढणीला लागलेला.

फोटो येत राहिले. होळी झाली, उन्हं तापली. भैरूकाकांचा आवाजही कधीमधी यायचा. "तुजा दवणा गावच्या माणसासंगं डोंगरावर धाडला बग. वाहिला त्यानं. हिच्या नावानं वाहिला." तिला बरं वाटलं. वाटलं, आता थांबतील. पण दुसऱ्या दिवशी मोशीच्या सिग्नलला फोटो होताच.

आणि मग एका सकाळी ढेकळाच्या आडोशाला हिरवं काहीतरी दिसलं.

तिने फोटो मोठा केला. दोन पानं. पुढच्या दिवशी चार. काकांचा आवाज आला. "आलं, पोरी, आलं! म्या म्हणलं न्हवतं? हात न्हाई लावला म्या. तू बगितल्याबिगर न्हाई लावायचा." आठवडाभरात पानांना कातरलेल्या कडा आल्या, आणि ती जमिनीलगत गोल पसरली. आम्रपालीला पहिल्या नजरेतच कळलं होतं, तरी ती रोज पुन्हा बघत होती. तिने कोपऱ्यापासून बघितलं, फोटो उजळून बघितला, मावळतीला आणखी एक मागवून बघितला. आयुष्यात पहिल्यांदाच तिला आपली नजर चुकावी असं वाटत होतं. ग्रुपवर टाकण्याची तर तिची छातीच झाली नाही. तिथे कुणीतरी चटकन उत्तर दिलं असतं.

रविवारी ती भोसरीला गेली. काका जिन्यातच उभे होते. दाढी केलेली, धुतलेला सदरा. त्यांनी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही, थेट गॅलरीत नेलं. बादली उन्हाच्या तिरिपेत ठेवलेली होती. कबुतरांनी टोचू नये म्हणून वर चहाची जुनी गाळणी पालथी घातली होती. त्यांनी ती अलगद उचलली.

"बग."

ती गुडघ्यांवर बसली. पान उलटं करून बघितलं, देठ बघितला, मग एका पानाचं टोक खुडून चुरगाळलं आणि नाकाशी नेलं. हिरवट, कडवट, डोकं उठवणारा वास. कंपनीच्या भिंतीकडेला रोज घेतलेला. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर तेच कमरेइतकं माजलं होतं. वाऱ्यावर एक बी इकडे आलं होतं, एवढंच.

काका तिच्या तोंडाकडे बघत होते. चांगला डोळा आणि झाकोळलेला डोळा, दोन्ही.

"काय हाय?"

खरं सांगायचं तर एका शब्दाचं काम होतं. तो शब्द तिने एकदा बसमध्ये बसून अंगठ्याने पाठवला होता, आणि तेव्हा तो खोटा होता. आज खरा होता आणि तोंडातून निघत नव्हता. तिने मान खाली घातली.

"इतक्यात नाही सांगता येत, काका," ती म्हणाली. "फोटोवरून तर नाहीच, पण असंही नाही. फूल येईस्तोवर थांबावं लागतं."

काका सावकाश वाकले, गुडघा कडकडला. मग इतके दिवस न लावलेला हात त्यांनी पुढे केला. एक पान चिमटीत धरलं, चुरगाळलं, आणि बोटं नाकाशी नेली. डोळे मिटले. बोटं बराच वेळ तशीच धरून ठेवली. खालच्या वर्कशॉपला आज सुट्टी होती, त्यामुळे त्यांचा श्वास ऐकू येत होता.

आम्रपालीने त्यांच्याकडे बघितलं नाही.

"व्हय," अखेर ते म्हणाले. "फूल येऊ दे. घाई कशाला करायची."

त्यांनी बोटं सदऱ्याला पुसली, आतून तांब्या भरून आणला, आणि दुसऱ्या हाताची ओंजळ आडवी धरून, माती उडणार नाही अशा बेताने, त्या रोपाच्या बुडाशी पाणी घालायला सुरुवात केली.